बहुकॅमेरा संकलन करताना पडद्यावर कोणती माहिती दिसावी?

तिसरी_घंटा (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या दोन अंकी नाटकाचा प्रयोग चार कॅमेऱ्यांनी चित्रित झाला असून त्याचे संकलन माझ्याकडे आहे. पहिला कॅमेरा बाल्कनीत मधोमध होता आणि त्यात संपूर्ण रंगमंच दिसतो. दुसरा व तिसरा खाली डाव्या-उजव्या बाजूंना होते. चौथा पहिल्या रांगेजवळ केवळ चेहऱ्यांसाठी ठेवला होता. सगळे कॅमेरे सेकंदाला २५ फ्रेमवर होते, ध्वनी मिक्सरमधून वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला आहे, आणि प्रयोगापूर्वी चारही कॅमेऱ्यांचे टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवर नोंदला जाणारा तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेमचा आकडा) एकमेकांशी जुळवून ते फ्री रनवर, म्हणजे चित्रीकरण थांबले तरी चालू राहतील असे, सोडले होते. मध्यंतरात कॅमेरे थांबवून दुसऱ्या अंकाला पुन्हा सुरू केले. संकलन प्रीमियर प्रो या सॉफ्टवेअरमध्ये करतो आहे आणि चारही क्लिप ध्वनीवरून आपोआप जुळवून घेतल्या आहेत.

माझा प्रश्न पडद्यावरच्या माहितीविषयी आहे. चार चौकटी समोर चालू असताना कॅमेऱ्याचे नाव, मूळ टाइमकोड, फाइलचे नाव, सिक्वेन्सची (जोडून तयार होणाऱ्या संकलनाची) वेळ, सुरक्षित क्षेत्राच्या (कडेला कापले न जाणारा भाग दाखवणाऱ्या) रेषा असे बरेच काही दाखवता येते. यातले प्रत्यक्ष कट करताना काय दिसावे, काय बंद असावे, ते चौकटीत कुठे असावे आणि शेवटच्या प्रतीत त्यातले काहीही उतरू नये यासाठी कोणती पद्धत ठेवावी, हे मला जाणून घ्यायचे आहे. फायनल कट किंवा डाविंची रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनीही लिहावे, कारण पुढच्या प्रयोगासाठी साधन बदलण्याचा विचार आहे.

पडद्याआड

प्रश्न चांगला आहे, परंतु त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्या आधी वेगळ्या केल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

पहिला प्रकार म्हणजे मॉनिटरवरचा ओव्हरले. हा केवळ सॉफ्टवेअरच्या खिडकीत दिसतो, चित्रात मिसळत नाही आणि एक्स्पोर्टमध्ये, म्हणजे काढलेल्या तयार प्रतीत, जात नाही. प्रीमियरच्या प्रोग्रॅम मॉनिटरखाली पान्याचे चिन्ह असते, त्यातील ‘ओव्हरलेज’ हा पर्याय या प्रकारचा आहे आणि त्याच्या सेटिंगमध्ये कोणत्या कोपऱ्यात काय दिसावे हे ठरवता येते. सुरक्षित क्षेत्राच्या रेषाही याच प्रकारात मोडतात. दुसरा प्रकार म्हणजे क्लिपवर लावलेला इफेक्ट. प्रीमियरमध्ये ‘टाइमकोड’ आणि ‘क्लिप नेम’ असे दोन इफेक्ट याच कामासाठी आहेत. ते चित्राचाच भाग होतात आणि काढले नाहीत तर अखेरच्या प्रतीतही दिसतात. तिसरा प्रकार एक्स्पोर्टच्या वेळी चढवायच्या माहितीचा आहे. एक्स्पोर्ट सेटिंगमधील इफेक्ट्सच्या विभागात नाव आणि टाइमकोड यांचे ओव्हरले मिळतात, ते फक्त त्या एका फाइलवर उमटतात आणि प्रकल्प स्वच्छ राहतो.

आता तुमच्या चार चौकटींकडे येतो. शिफ्ट आणि शून्य दाबून बहुकॅमेरा दृश्य उघडल्यावर प्रत्येक चौकटीवर त्या त्या कॅमेऱ्याचे नाव आणि मूळ टाइमकोड दिसावा अशी अपेक्षा असेल, तर मार्ग पुढीलप्रमाणे आहे. टाइमलाइनवरील बहुकॅमेरा क्लिपवर कंट्रोल दाबून दोनदा क्लिक केले की तिच्या पोटातील स्रोत सिक्वेन्स, म्हणजे सर्व कॅमेऱ्यांच्या क्लिप एकावर एक मांडलेला सिक्वेन्स, उघडतो (मॅकवर कमांड). तेथे प्रत्येक कॅमेऱ्याच्या क्लिपवर ‘टाइमकोड’ इफेक्ट लावावा, स्रोत म्हणून ‘मीडिया’ निवडावे म्हणजे कॅमेऱ्याने नोंदवलेली खरी वेळ दिसते, आणि ‘लेबल टेक्स्ट’मध्ये कॅमेरा १ ते कॅमेरा ९ यांपैकी योग्य ते लेबल निवडावे. हे लेबल टाइमकोडच्या डाव्या बाजूला लहानसे उमटते आणि चौकटींच्या जाळीत प्रत्येक चित्रासोबत दिसते. कॅमेऱ्याचे नाव वरच्या पट्टीवर (ट्रॅकवर) शीर्षक म्हणून ठेवण्याचा मोह टाळावा, कारण स्रोत सिक्वेन्समधील प्रत्येक पट्टी हा एक कॅमेरा समजला जातो आणि तुमचे शीर्षक पाचवा कॅमेरा होऊन बसते.

कातरकाम

पडद्याआड यांनी मार्ग बरोबर सांगितला आहे. तो कोणत्या वेळी वापरावा याबद्दल मात्र माझे ठाम मत आहे.

बहुकॅमेरा संकलनात पहिली फेरी ही बहुतेक जण चालू दृश्यावर करतात. नाटक वाहत असते आणि संकलक १, २, ३, ४ हे अंक दाबत जातो. या फेरीत संकलकाने नटांकडे पाहायचे असते. वाक्य कोण उचलणार आहे, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय घडते आहे, कोणाची नजर विंगेकडे वळते आहे, हे हेरून कट पडायला हवा. अशा वेळी चार चौकटींच्या कोपऱ्यांत चार टाइमकोड धावत असतील तर त्यांचे फ्रेमचे आकडे सेकंदाला पंचवीस वेळा बदलत असतात. नजरेच्या कडेला होणारी हालचाल डोळा टाळू शकत नाही, त्याला ती टिपावीच लागते. परिणामी जी सूक्ष्म हालचाल टिपायची, म्हणजे नटाच्या पापणीची किंवा बोटांची, ती या आकड्यांच्या हालचालीशी स्पर्धा करते आणि हरते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की पहिल्या फेरीत केवळ कॅमेऱ्याचे नाव दिसावे आणि एकही धावता आकडा पडद्यावर नसावा. नाव स्थिर असते, ते एकदा वाचले की डोळा त्याला सोडून देतो. आकडे तपासणीच्या फेरीसाठी ठेवावेत, जेव्हा चित्र थांबवून एकेक कट पाहिला जातो. ‘टाइमकोड’ इफेक्टऐवजी पहिल्या फेरीला ‘क्लिप नेम’ इफेक्ट लावल्यास हेच साधते. तो सिक्वेन्समधील क्लिपचे नाव, प्रकल्पातील नाव किंवा फाइलचे नाव यांपैकी हवे ते दाखवतो, त्यामुळे क्लिपला आधी ‘बाल्कनी’, ‘डावा’, ‘उजवा’, ‘चेहरे’ अशी नावे देऊन तीच चौकटीवर आणता येतात. कॅमेरा क्रमांक ३ म्हणजे नेमका कोणता हे आठवावे लागण्यापेक्षा ‘उजवा’ हे वाचणे कितीतरी जलद होते.

याशिवाय चौकटीच्या कडेचा रंग हीदेखील पडद्यावरची माहितीच आहे आणि ती पुरेशी आहे असे मला वाटते. प्रीमियरमध्ये निवडलेल्या कॅमेऱ्याभोवती थांबलेल्या स्थितीत पिवळी आणि चालू दृश्यावर कट नोंदवले जात असताना लाल कड दिसते. थेट प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षातही मल्टिव्ह्यूवर (सर्व कॅमेरे एकत्र दाखवणाऱ्या पडद्यावर) हेच तत्त्व असते. चालू कॅमेऱ्याला लाल कड, पुढच्या तयार कॅमेऱ्याला हिरवी कड आणि चौकटीखाली स्थिर नाव, एवढ्यावर तासन्‌तास कार्यक्रम निभावतात. तेथील माणसांना आकडे लागत नाहीत असे नाही, पण ते चित्राच्या जवळ ठेवलेले नसतात.

विंगेतून

फायनल कटबद्दल थोडक्यात लिहितो. अँगल व्ह्यूअर उघडल्यावर त्याच्या सेटिंगच्या यादीत एका वेळी २, ४, ९ किंवा १६ चौकटी दाखवण्याची सोय आहे, आणि त्याच यादीत ओव्हरलेसाठी टाइमकोड तसेच नाव हे पर्याय आहेत. नावात पुन्हा क्लिपचे नाव आणि अँगलचे (म्हणजे त्या कॅमेऱ्याचे) नाव असे दोन प्रकार मिळतात. हे केवळ व्ह्यूअरमध्ये दिसते, एक्स्पोर्टमध्ये जात नाही, त्यामुळे काढायला विसरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. चौकटीच्या कडांना तेथे वेगळा अर्थ आहे. पिवळी कड असेल तर चित्र आणि ध्वनी दोन्ही त्या अँगलचे, निळी असेल तर केवळ चित्र आणि हिरवी असेल तर केवळ ध्वनी. नाटकाला मिक्सरचा एकच ध्वनी ठेवायचा असल्यामुळे संपूर्ण कामात चित्रावर निळी आणि ध्वनीवर हिरवी कड दिसली पाहिजे. मध्येच पिवळी दिसली तर कॅमेऱ्यावरच्या माइकचा आवाज आत शिरला आहे असे समजावे. मला ही सर्वांत उपयोगी खूण वाटते.

तबलातरंग

मी मुख्यतः शास्त्रीय संगीताच्या मैफलींचे संकलन करतो, त्यामुळे मला कट कधी पडावा यापेक्षा माहिती चौकटीत कुठे बसावी या भागावर लिहावेसे वाटते.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये टाइमकोड मुळात तळाशी मधोमध बसवलेला असतो. मैफलीत ती सर्वांत वाईट जागा आहे. कलाकार बैठकीवर बसलेले असतात, चौकटीच्या खालच्या तिसऱ्या भागात तबलजीचे हात, हार्मोनियमची पट्टी आणि तानपुऱ्यावरची बोटे असतात, आणि समेवर कट बसला की नाही हे त्या हातांवरूनच कळते. तो आकडा नेमका डग्ग्यावर बसला तर समेचा घाव दिसतच नाही. याउलट वरचा भाग बहुधा पडद्याचा किंवा फलकाचा असतो. म्हणून मी माहिती नेहमी वर डावीकडे, लहान अक्षरांत आणि अर्धपारदर्शक पट्टीवर ठेवतो.

नाटकातही हेच लागू पडावे. बाल्कनीतून घेतलेल्या संपूर्ण दृश्यात वर झालर आणि काळोख असतो, खाली मात्र नटांची पावले, उंबरठा, खाली पडलेले पत्र अशा अर्थपूर्ण गोष्टी असतात. जवळच्या दृश्यात डोळे वरच्या तिसऱ्या भागात येतात, परंतु कोपऱ्यात क्वचितच.

सुरक्षित क्षेत्राच्या रेषांबद्दल एक टिपण. जुन्या दूरचित्रवाणी संचांसाठी क्रियेला ९० टक्के आणि शीर्षकाला ८० टक्के असे प्रमाण धरत असत. आजच्या १६:९ चित्रासाठी क्रियेला ९३ टक्के आणि मजकुराला ९० टक्के हे प्रमाण वापरले जाते. कित्येक जणांच्या मॉनिटरवर अजूनही जुन्याच रेषा दिसतात आणि ते विनाकारण उपशीर्षके आत सरकवतात. कट करताना या रेषा बंदच ठेवाव्यात. श्रेयनामावली आणि उपशीर्षके बसवताना त्या सुरू कराव्यात.

ध्वनिरेषा

वर कातरकाम यांनी आकड्यांना तपासणीच्या फेरीत स्थान दिले आहे. मी त्याही पुढे जाऊन म्हणेन की धागाकर्त्याच्या प्रकल्पात ते आकडे कट करण्याच्या आधीच एकदा पाहणे अत्यावश्यक आहे, कारण चार कॅमेऱ्यांचे टाइमकोड जुळवलेले असतानाही त्यांनी क्लिप ध्वनीवरून जुळवल्या आहेत.

ध्वनी हवेतून सुमारे ३४३ मीटर प्रतिसेकंद या वेगाने जातो. २५ फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, म्हणजे एका फ्रेमच्या काळात ध्वनी साधारण पावणेचौदा मीटर अंतर कापतो. रंगमंचापासून सत्तावीस-अठ्ठावीस मीटर दूर असलेल्या बाल्कनीतील कॅमेऱ्याच्या माइकला संवाद दोन फ्रेम उशिरा ऐकू येतो. चित्र मात्र त्याला तत्क्षणी मिळते. सॉफ्टवेअर जेव्हा त्या उशिरा आलेल्या ध्वनीला मिक्सरच्या ध्वनीशी जुळवते, तेव्हा ते संपूर्ण क्लिप दोन फ्रेम अलीकडे ओढते आणि बाल्कनीचे चित्र दोन फ्रेम पुढचे दिसू लागते. पहिल्या रांगेजवळच्या कॅमेऱ्यात ही ओढ जाणवण्याइतकी नसते.

ही गोष्ट ऐकून कळत नाही आणि ध्वनीच्या लाटा पाहूनही कळत नाही, कारण लाटा तर छान जुळलेल्या दिसतात. ती कळते केवळ चार चौकटींवर मूळ टाइमकोड दाखवल्यावर. टाइमकोड एकमेकांशी जुळवलेले असतील तर थांबलेल्या चित्रात चारही आकडे सारखे हवेत. बाल्कनीचा आकडा इतरांपेक्षा दोनने पुढे असेल तर वरचे कारण समजावे.

मात्र फरकाचे दुसरेही कारण असू शकते आणि दोन्हींची ओळख वेगळी आहे. अंतरामुळे आलेला फरक सुरुवातीपासून अखेरपर्यंत सारखाच राहतो. कॅमेऱ्यांच्या अंतर्गत घड्याळांमुळे आलेला फरक वाढत जातो. दोन घड्याळांत दहा लाखांत अकरा भाग एवढी जरी तफावत असली तरी तासाभरात ती एका फ्रेमएवढी होते. त्यामुळे एकाच ठिकाणी आकडे पाहून निष्कर्ष काढू नये. अंकाच्या आरंभी, मध्यावर आणि अखेरीस अशा तीन जागी थांबून चारही आकडे टिपून ठेवावेत. मध्यंतरानंतर कॅमेरे पुन्हा सुरू केले असल्यामुळे दुसऱ्या अंकासाठी ही तपासणी नव्याने करावी. फ्री रनमध्ये टाइमकोड मध्यंतरातही चालू राहतो, त्यामुळे दोन अंकांमधील अंतर चारही कॅमेऱ्यांत आकड्यांवरून स्पष्ट दिसेल. रेकॉर्ड रनवर, म्हणजे केवळ चित्रीकरण चालू असताना पुढे सरकणारे, असते तर ते अंतर पुसले गेले असते आणि हा पुरावाच हाती राहिला नसता.

आणखी एक शक्यता पाहून घ्यावी. काही कॅमेरे लांब चित्रीकरण एका फाइलमध्ये न ठेवता तुकडे करतात, विशेषतः जेथे कार्डाच्या मांडणीमुळे एका फाइलला ४ जीबीची मर्यादा येते. दोन तुकड्यांच्या सांध्यावर एखादी फ्रेम गळली असेल तर त्या क्षणापासून पुढचे सगळे आकडे एकाने सरकलेले दिसतात. फरक हळूहळू वाढत नाही, सांध्यावर अचानक येतो आणि नंतर तसाच राहतो.

तिसरी_घंटा

सविस्तर प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. ध्वनिरेषा यांनी सांगितल्याप्रमाणे स्रोत सिक्वेन्समध्ये चारही क्लिपवर टाइमकोड लावून पाहिले. पहिल्या अंकात बाल्कनीचा आकडा आरंभी, मध्यावर आणि अखेरीस सातत्याने दोन फ्रेम पुढे आहे. दुसऱ्या अंकातही तेच आहे. बाकीचे तिन्ही जुळतात. आता प्रश्न असा की ध्वनीवर विश्वास ठेवावा की टाइमकोडवर? दोन फ्रेमांचा फरक प्रेक्षकाला खरोखर जाणवतो का?

ध्वनिरेषा

या प्रकरणात टाइमकोडवर. फरक स्थिर आहे, म्हणजे घड्याळे शाबूत आहेत आणि कारण अंतर हेच आहे. स्रोत सिक्वेन्समध्ये बाल्कनीची क्लिप दोन फ्रेम उजवीकडे सरकवावी, म्हणजे चारही आकडे एक होतील. दोन अंकांच्या दोन क्लिप असतील तर दोन्ही सरकवाव्यात. बाल्कनीच्या माइकचा ध्वनी त्यानंतर मिक्सरच्या ध्वनीमागे दोन फ्रेम ऐकू येईल, पण तो मुळातच बंद ठेवायचा आहे.

जाणवण्याच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत आहे. ध्वनी आणि चित्र यांच्या मेळाविषयी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी शिफारस आहे, तिच्यानुसार ध्वनी चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला तर तफावत लक्षात येऊ लागते. तुमच्या बाल्कनीच्या दृश्यात ध्वनी चित्राच्या ८० मिलिसेकंद मागे आहे, म्हणजे ओठांच्या हालचालीवरून ते कोणाच्या लक्षात येणार नाही. बाल्कनीतून तसेही ओठ दिसत नाहीत. परंतु चेहऱ्याच्या दृश्यावरून बाल्कनीच्या दृश्यावर कट मारला की हालचाल दोन फ्रेम पुढे उडी घेते, आणि उलट दिशेने कट मारला की दोन फ्रेम पुन्हा घडतात. नट खुर्चीतून उठत असताना किंवा टाळी वाजवत असताना कट असेल तर ती उडी दिसते. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, कट खटकला एवढेच वाटेल, आणि संकलक मात्र कटाची जागा बदलत बसेल.

कातरकाम

हे वाचून माझ्या मताला मी एक जोड देतो. आकडे पहिल्या फेरीत नकोत हे मी अजूनही म्हणेन, परंतु तिच्याआधी जुळणी तपासण्याची एक स्वतंत्र बैठक हवी आणि तिच्यात आकड्यांशिवाय दुसरे काहीच पाहू नये, हे ध्वनिरेषा यांचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे.

पहिल्या फेरीत नावाव्यतिरिक्त एकच गोष्ट पडद्यावर असावी असे वाटते. प्रीमियरच्या मॉनिटरवर फ्रेम गळत असल्याचे दाखवणारा लहान दिवा सुरू करता येतो. तो हिरव्याचा पिवळा झाला तर चार चित्रे एकाच वेळी चालवताना यंत्र मागे पडते आहे असे समजावे. चित्र अडखळत असताना मारलेले कट हमखास उशिरा पडतात आणि संकलकाला आपलाच हात मंद झाल्यासारखे वाटत राहते. अशा वेळी चालवण्याचे रिझोल्यूशन अर्धे किंवा पाव करावे, नाहीतर प्रॉक्सी (क्लिपच्या हलक्या प्रती) बनवाव्यात. स्रोत सिक्वेन्समध्ये लावलेले चार इफेक्ट हेही यंत्रावरचे काम वाढवतातच, त्यामुळे तपासणी संपली की ते बंद करावेत.

नेपथ्य_रेषा

मी दिग्दर्शकांना पाठवायच्या तपासणी प्रतीबद्दल लिहिते, कारण धाग्यात तो भाग अजून आलेला नाही आणि प्रत्यक्ष कामात सर्वाधिक गोंधळ तेथेच होतो.

तपासणी प्रतीवर सिक्वेन्सची वेळ छापलेली हवीच. ती नसेल तर ‘दुसऱ्या अंकात आई येते त्याच्या जरा आधी’ अशा सूचना येतात आणि आई तर चार वेळा येते. ही वेळ एक्स्पोर्टच्या सेटिंगमधून चढवावी, टाइमलाइनवर इफेक्ट लावून नव्हे. सिक्वेन्सचा आरंभ शून्यावर न ठेवता पहिला अंक ०१:००:००:०० वर आणि दुसरा अंक स्वतंत्र सिक्वेन्समध्ये ०२:००:००:०० वर ठेवावा. मग तासाचा आकडा हाच अंकाचा क्रमांक होतो आणि ०२:१४:०९ असे लिहून आले की दुसऱ्या अंकातील चौदावे मिनिट हे विचारावे लागत नाही. त्याच्या शेजारी प्रतीचा क्रमांक आणि तारीख असावी, कारण तिसऱ्या प्रतीच्या सूचना पाचव्या प्रतीवर लागू केल्याने झालेले नुकसान भरून काढणे फार कष्टाचे असते.

कॅमेऱ्याचे नाव मात्र दिग्दर्शकाच्या प्रतीवर मी कधीही ठेवत नाही. ते दिसले की चर्चा अभिनयावरून कॅमेऱ्यांवर जाते. ‘येथे डावा कॅमेरा का नाही’ असे विचारले जाते, वास्तविक विचारायला हवे ते ‘येथे तिचा चेहरा दिसायला हवा होता’ असे.

पडद्याआड

नेपथ्य_रेषा यांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. दिग्दर्शक स्वतः प्रयोगाच्या वेळी कॅमेरामनच्या पाठीशी उभे राहिलेले असतील, तर त्यांना कोणत्या जागेवरून काय मिळाले आहे हे ठाऊक असते आणि नाव दिसल्याने त्यांची सूचना नेमकी होते. ज्यांना ते ठाऊक नाही त्यांच्या प्रतीवर ते नसावे, एवढे मान्य करतो. रंगसंस्कारासाठी दुसऱ्याकडे प्रकल्प जाणार असेल, तर मात्र संदर्भप्रतीवर सिक्वेन्सची वेळ, मूळ टाइमकोड आणि फाइलचे पूर्ण नाव हे तिन्ही हवेत, त्यात तडजोड नसावी. एखादी क्लिप तुटली तर पुन्हा जोडण्यासाठी त्यांतील शेवटच्या दोन गोष्टींचाच आधार असतो.

रिझॉल्व्हविषयी विचारले होते. तेथे ‘वर्कस्पेस’च्या यादीत ‘डेटा बर्न-इन’ नावाची खिडकी आहे. तीत सिक्वेन्सची वेळ, मूळ टाइमकोड, क्लिपचे नाव, दृश्य, टेक, अँगल, कॅमेरा आणि स्वतःचा मजकूर असे पर्याय मिळतात, तसेच ते संपूर्ण प्रकल्पाला किंवा एखाद्याच क्लिपला लावता येतात. लक्षात ठेवायची बाब ही की ते रेंडरमध्ये, म्हणजे तयार होणाऱ्या प्रतीत, उतरते. प्रत काढण्याच्या पानावर प्रगत सेटिंगमध्ये ‘डेटा बर्न-इन’ समोर ‘नन’ निवडल्यास स्वच्छ प्रत मिळते. बहुकॅमेरा क्लिप तयार करताना अँगलची नावे क्लिपच्या नावावरून की कॅमेऱ्याच्या नोंदीवरून घ्यायची हे तेथेच विचारले जाते, म्हणून क्लिपच्या नोंदी आधी भरून ठेवल्या तर पुढची बरीच मेहनत वाचते.

सांधेजोड

एक लहान प्रश्न. नावे देवनागरीत ठेवली तर चालतात का? माझ्याकडे एका इफेक्टमध्ये ‘प्रेक्षक’ हा शब्द तुटून दिसला, जोडाक्षरे सुटी झाली आणि मात्रा भलत्याच जागी गेली.

पडद्याआड

जे इफेक्ट साध्या अक्षरांसाठी बनवलेले असतात, त्यांत देवनागरीची जोडणी नीट होईल याची हमी नसते. नाव ठरवण्यापूर्वी ‘क्ष’, ‘र्व’ आणि ऱ्हस्व वेलांटी असलेला एखादा शब्द टाकून पाहावा. तुटत असेल तर जोडाक्षर नसलेली नावे निवडावीत. कातरकाम यांनी सुचवलेल्या नावांपैकी ‘डावा’ आणि ‘उजवा’ अशाही ठिकाणी शाबूत राहतील. ‘बाल्कनी’ऐवजी ‘वर’ आणि ‘चेहरे’ऐवजी ‘समोर’ लिहिल्यास चारही नावे आटोपशीर होतील. मूळ फाइलचे नाव मात्र कॅमेऱ्याने दिलेलेच ठेवावे, ते कधीही बदलू नये.

तिसरी_घंटा

बाल्कनीची क्लिप दोन फ्रेम सरकवली आणि नट उठतानाचे कट खरोखर गुळगुळीत झाले. आता शेवटचा भाग राहिला. स्रोत सिक्वेन्समध्ये लावलेले इफेक्ट अखेरच्या प्रतीत राहून जाऊ नयेत यासाठी आपण काय करता? प्रोग्रॅम मॉनिटरखाली सर्व इफेक्ट एकदम बंद करणारे एक बटण आहे, ते पुरेसे आहे का?

कातरकाम

ते बटण या कामासाठी वापरू नये. ते केवळ मॉनिटरवर पाहण्यापुरते आहे, एक्स्पोर्टवर त्याचा परिणाम होत नाही. मॉनिटर स्वच्छ दिसला म्हणून निर्धास्त होऊन प्रत काढली तर आकडे त्या प्रतीत जसेच्या तसे असतील. स्रोत सिक्वेन्स उघडून प्रत्येक क्लिपवरचा इफेक्ट प्रत्यक्ष काढून टाकावा, आणि दोन अंकांचे दोन स्रोत सिक्वेन्स असल्यास दोन्ही उघडावेत. त्यानंतर तयार झालेली फाइल संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये न पाहता साध्या प्लेअरमध्ये पाहावी आणि चारही कॅमेऱ्यांचे निदान एकेक दृश्य दोन्ही अंकांत डोळ्यांखालून घालावे. चौथ्या कॅमेऱ्याची दृश्ये सर्वांत कमी असतात, म्हणून राहून गेलेला आकडा बहुधा तेथेच सापडतो.

सांधेजोड

माझ्याकडच्या प्रयोगात पाचवे चित्रीकरण मोबाइलवरचे आहे. त्यावर मूळ टाइमकोड दाखवला तर त्याचा इतर आकड्यांशी कोणताच मेळ बसत नाही, आणि फरक कधी वाढतो तर कधी कमी होतो.

ध्वनिरेषा

मोबाइलचा टाइमकोड तुमच्या कॅमेऱ्यांशी जुळवलेला नाही, त्यामुळे त्याचा आकडा तुलनेसाठी निरुपयोगी आहे, त्या चौकटीवर केवळ नाव ठेवा. फरक कमी-जास्त होण्याचे कारण बहुधा असे आहे की मोबाइल सेकंदाला नेमक्या तेवढ्याच फ्रेम घेत नाही, प्रकाश आणि यंत्रावरचा ताण यांनुसार त्या बदलतात. ती फाइल जुळवण्यापूर्वी स्थिर २५ फ्रेमच्या स्वरूपात रूपांतरित करून घ्या. मग ध्वनीवरून जुळवा, आणि मोबाइल रंगमंचापासून किती दूर होता ते आठवून प्रत्येक पावणेचौदा मीटरमागे एक फ्रेम या हिशेबाने क्लिप उजवीकडे सरकवा.

सांधेजोड

तो विंगेत होता, रंगमंचापासून तीन-चार मीटरवर.

ध्वनिरेषा

मग सरकवण्याची गरज नाही. रूपांतर केल्यावर अंकाच्या अखेरीस ओठ आणि संवाद जुळतात का, एवढे पाहून घ्या.